तूर्त थांबायला हरकत नाही

कुणी मला सल्ला विचारला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. "ताई, करार अकरा महिन्यांचा करू की तीन वर्षांचा?" असं गिऱ्हाईक विचारतं आणि मी म्हणते, बाबा रे, तुला काय टाइप करून हवंय ते सांग, पुढचं तुझं तू बघ. डोंबिवली पूर्वेला आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, हळदीच्या पत्रिका, निवडणूक आली की उमेदवारांची आश्वासनं, सगळं करते. लोक मला फटकळ म्हणतात आणि ते खरंच आहे. पण सल्ल्याच्या बाबतीत मी अशी झाले ती आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सरांमुळे.

सर आमच्याकडे नऊ वर्षं भाड्याने राहिले. त्याआधी ते आफ्रिकेतल्या एका लहानशा देशात राष्ट्राध्यक्षांचे ज्येष्ठ आर्थिक सल्लागार होते. पुण्यात शिकले, दिल्लीत नोकरी केली, तिथून परदेशात गेले, आणि त्या देशात दोन वर्षांसाठी म्हणून गेलेले चौदा वर्षं राहिले. दोन राष्ट्राध्यक्ष त्यांच्या हाताखालून गेले असं मी एकदा म्हटलं, तर लगेच दुरुस्ती केली, "हाताखालून नाही, डोक्यावरून." तिथलं काम संपल्यावर डोंबिवलीत आले, कारण फडके रोडच्या मागे त्यांची बहीण राहायची. बहीण वर्षभरात गेली आणि हे राहिले. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं माझ्या आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "दोन्ही बाजू विचारात घेत होतो, वहिनी. तेवढ्यात वय झालं."

माझी आई म्हणजे इमारतीची मालकीण. आम्ही इथलेच, आगरी. आजोबांच्या वेळी भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. मग शेतात इमारत उभी राहिली, वडील गेले, भाऊ ठाण्याला घोडबंदर रोडला राहायला गेला, आणि आठ भाडेकरू सांभाळायला आई आणि मी उरलो. आई शाळेची पायरी चढलेली नाही, पण आठही भाडेकरू तिला टरकून असायचे. सर खोली बघायला आले तेव्हा आईने विचारलं, कामधंदा काय? सरांनी हात मागे बांधून सांगितलं, "मी राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार होतो."

आईने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "कनच्या मंडलाचे अध्यक्ष?"

मी हसू दाबलं. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "देशाचे, वहिनी. पण आपला प्रश्न योग्य आहे. फरक फारसा नसतो."

झालं. वरच्या मजल्यावर अध्यक्षांना सल्ला देणारे साहेब राहायला आलेत ही बातमी गल्लीभर पसरली, आणि भाद्रपदाच्या आधी गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष खरोखरच आले. मिरवणुकीला डीजे लावावा की ढोलताशा, असा पेच होता. सरांनी त्यांना चहा दिला, पाऊण तास प्रश्न विचारले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून एक टिपण टाइप करून घेतलं. तेव्हा मला त्यांची पद्धत पहिल्यांदा कळली. टिपण एकाच पानाचं, कितीही मोठा विषय असला तरी. "राष्ट्राध्यक्ष पान उलटत नाहीत," असं ते म्हणायचे. पानावर तीन पर्याय. तिसरा पर्याय नेहमी एकच, 'काहीही न करणे', आणि त्याचेही परिणाम तितक्याच मनापासून लिहिलेले. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत 'शिफारस' असा शब्द. आणि त्याच्याखाली काहीच नाही.

"सर, इथं लिहायचं राहिलं," मी म्हटलं.

"राहिलं नाही. ती जागा त्यांची."

"मग शब्द तरी काढू? कागद अर्धवट दिसतोय."

"असू दे."

अध्यक्ष तो कागद घेऊन गेले आणि त्यांनी डीजे आणि ढोलताशा दोन्ही लावले. सरांना वाईट वाटलं नाही. चौथा पर्याय आपल्या लक्षात आला नाही, एवढंच म्हणाले आणि वहीत लिहून ठेवलं.

त्यांच्या दारावर पाटी होती, 'आर्थिक सल्लागार'. त्यामुळे निवृत्त मास्तर, बँकेतून बाहेर पडलेले बाबू, कोणीही वर चढायचं. पैसे कशात ठेवू, मुलाला गाळा घेऊन देऊ का. सर सगळ्यांना दारातच सांगायचे, "मी देशांना सांगतो, माणसांना नाही." लोकांना तो माज वाटायचा. मलाही वाटायचा, खोटं कशाला बोलू. तळमजल्यावर वाकून टाइप करणाऱ्या बाईला असली वाक्यं ऐकली की राग येतोच. पण पाटी काढा म्हटलं तर काढायचे नाहीत.

आणि बसायचे नाहीत. हे सांगायला हवं, कारण मला सर आठवतात ते चालतानाच. पोहे उभ्याने खायचे. पेपर गच्चीवर फेऱ्या घालत वाचायचे, वाऱ्याने पान उडालं की त्याच्यामागे जायचे. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या आहेत, त्या तिन्हींवर पाच मिनिटांत बसून उठायचे आणि मग माझ्या पाठीशी उभे राहून मजकूर सांगायचे. मध्येच दारापर्यंत जायचे, रस्त्याकडे बघायचे, परत यायचे. त्यांच्या डाव्या मनगटावर आपल्या वेळेचं घड्याळ असायचं आणि उजव्या मनगटावर तिकडच्या वेळेचं, अडीच तास मागे. सकाळी साडेदहा-अकराला ते उजवं मनगट बघायचे आणि म्हणायचे, "आता ते कार्यालयात पोचले असतील." ते म्हणजे कोण हे मी विचारत नसे. फोन कायम खिशात, आवाज पूर्ण मोठा. तिकडे पुन्हा निवडणूक होईल, जुनी माणसं परत येतील, आणि आपल्याला बोलावतील, अशी त्यांची खात्री होती. दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरार करताना ते एक जास्तीचं कलम घालायला लावायचे, की शासकीय बोलावणं आल्यास भाडेकरू चोवीस तासांत जागा सोडू शकेल. ते कलम मी नऊ वेळा टाइप केलं. आई म्हणायची, "यवरा मोठा मानूस आन् एका जागी टेकत नाय. याला कुनी बसाला शिकवला नाय काय?"

त्या दोघांचं एकदाच वाजलं, ते पाण्यावरून. शुक्रवारी पाणी बंद असायचं, त्यामुळे गुरुवारी मोटर कोण, कधी आणि किती वेळ चालवणार यावर भाडेकऱ्यांची भांडणं. सरांनी टिपण केलं. पर्याय एक, वेळापत्रक. पर्याय दोन, मजल्यांनुसार पाळी. पर्याय तीन, काहीही न करणे. मी ते आईला वाचून दाखवलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, उठली, मोटरच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्यानंतर इमारतीत पाण्यावरून भांडण झालं नाही. सर दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन मला म्हणाले, "तुमच्या आईंना कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी निर्णय घेतला. मला हे आयुष्यात कधी जमलं नाही." तेव्हा मला ते थट्टा करतायत असं वाटलेलं.

आता मुख्य गोष्ट. सरांच्या तोंडात एक शब्द होता, तूर्त. तूर्त चहा नको. तूर्त गुडघा बरा आहे. तूर्त इथेच आहे, पुढचं पुढे. इस्त्रीवाल्याला सांगायचे, "तूर्त दोनच शर्ट." मी काही बोलायला गेले की, "तूर्त राहू दे." आमच्या घरात हा शब्द कोणी वापरत नाही. मी छापायच्या मजकुरात वाचलेला, एवढंच. मला तो गोड वाटायचा, जुन्या माणसाच्या खिशातल्या रुमालासारखा.

आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कल्याणला एका डॉक्टरीणबाईंकडे दाखवत होतो. त्यांनी सांगितलं, डाव्या डोळ्यात दाब फार वाढलाय, थेंबांनी उतरत नाही, ऑपरेशन करून घेतलेलं बरं. आई घाबरली. गळा काढून रडणारी बाई नाही ती, पण डोळ्याला सुरी लागणार म्हटल्यावर तिचं जेवण कमी झालं. ती फाइल घेऊन सरांकडे वर गेली. सरांनी सांगितलं असणार की मी माणसांना सल्ला देत नाही. पण आईपुढे ते टिकलं नाही.

मी तेव्हा दुकानात होते. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस, दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्रांची रांग दारापर्यंत, मान वर करायला फुरसत नाही. म्हणून त्या दिवशी टिपण झालं नाही. माझ्या हातून ते टाइप झालं असतं तर मी वाचलं असतं. आई खाली आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला.

"सायेब बोल्ला, थांबाला हरकत नाय."

मला हायसं वाटलं. कल्याणच्या खेपा, सुट्टी, दुकान बंद, हे सगळं टळलं म्हणून वाटलं. मी एक शब्द विचारला नाही, किती दिवस थांबा म्हणाले, का म्हणाले. एका अख्ख्या देशाला ज्याने सल्ला दिला तो माणूस चुकेल कशाला, असंही आत कुठेतरी होतं. त्याच्या माजाचा मला राग यायचा आणि त्याच माजावर मी आईचा डोळा सोडला.

आई थेंब आठवेल तेव्हा घालायची. तपासणीला गेलो नाही. सर जिन्यात भेटले की विचारायचे, "डोळा कसा आहे, वहिनी?" ती म्हणायची, "बरा हाय." काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. गणपती झाले, नवरात्र झालं. एका दुपारी ती मिरच्या खलबत्त्यात कुटत होती. एक बी उडून उजव्या डोळ्यात गेली. तिने तो डोळा घट्ट मिटला आणि मला हाक मारली.

"लाईट गेली का गो?"

दुपारचे दोन वाजले होते. खिडकीतून ऊन थेट तिच्या मांडीवर पडलेलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी सांगितलं की डावा डोळा गेला, तो आता येणार नाही. आणि उजव्यात तेच सुरू झालंय, त्यालाही फार वेळ नाही. रिक्षात आई माझा हात धरून बसली आणि मी बाहेर बघत राहिले. पत्रीपुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मला त्या पुलावरच उतरून धावत सुटावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर तिला पलंगावर बसवलं आणि मी वर गेले. सर गच्चीच्या जिन्यात फेऱ्या घालत होते. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्यांना 'सर' म्हटलं नाही. एका अडाणी बाईने विश्वास ठेवला, तुमचं काय गेलं, देश बुडवून आलात आणि आता आमचं घर, असलं काहीतरी बोलले. ते भिंतीला टेकले. म्हणाले, "पण मी तूर्त म्हटलं होतं. तूर्त थांबायला हरकत नाही. म्हणजे महिनाभर, पुढच्या तपासणीपर्यंत."

आई माझ्यामागे जिना चढून आलेली. कठड्याला धरून उभी होती.

"मना वाटला पुरता बोल्ले," ती म्हणाली. "पुरता थांबाला हरकत नाय."

तूर्त आणि पुरतं, म्हणजे अगदी कायमचं. तिच्या कानाला जो शब्द माहीतच नव्हता, त्याच्या जागी तिने माहीत असलेला घातला. आम्ही सगळे तेच करतो. सर हळूहळू जिन्याच्या पायरीवर बसले. नऊ वर्षांत मी त्यांना असं खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. आणि बसल्या बसल्या, कोणी न विचारता, त्यांनी सांगितलं.

तिकडे सरकार पिठाचा भाव आपल्या तिजोरीतून खाली धरून ठेवायचं, म्हणून पाव स्वस्त होता. ते परवडत नव्हतं. सरांनी एक पान लिहिलं. त्या काळी ते शिफारस लिहायचे. शिफारस इंग्रजीत अशी होती की ही सवलत तूर्त थांबवावी. त्यांच्या मनात सहा महिने होते. पण सहा महिने असं लिहिलं तर सहा महिन्यांनी लोक विचारतील, म्हणून सल्लागाराने नेमका आकडा लिहू नये, दार थोडं उघडं ठेवावं, असं ते शिकलेले. राष्ट्राध्यक्षांनी सही केली. रेडिओवर तिथल्या लोकांच्या भाषेत ते वाचलं गेलं तेव्हा 'तूर्त'चं 'आजपासून बंद' झालं. सरांना ती भाषा येत नव्हती. चौदा वर्षांत शिकायचं राहून गेलेलं. दोन दिवसांनी बेकऱ्यांसमोर गर्दी, मग दगड, मग गोळीबार.

"आमच्याकडे एक बाई भाजी घेऊन यायची," सर म्हणाले. "त्यानंतर आली नाही. मला तिचं नाव माहीत नव्हतं, त्यामुळे चौकशी कोणाची करायची तेही कळेना. आणि दुसऱ्या दिवशी मी काय केलं सांगू? दुसऱ्या विषयावर दुसरं टिपण लिहिलं. तेव्हापासून शिफारस लिहीत नाही. मला वाटलं, मी लिहिलं नाही तर कोणाचं वाईट होणार नाही."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. आईचा डोळा गेला होता आणि रागाला कुठेतरी ठेवायला हवं होतं. मी तिला धरून खाली आणलं आणि पुढचे चार दिवस सरांशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, उजव्या डोळ्याचं सायबाला इचारून येतंय. मी हातातलं टाकून उभी राहिले. म्हटलं, "अगं, वेड लागलंय का तुला? परत त्यांनाच?"

"मांगल्या वेली मीच नीट इचारला नाय. आता नीट इचारतंय."

डॉक्टरीणबाईंनी तिला उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल सगळं स्पष्ट सांगितलं होतं. बहुतेक वेळा दाब उतरतो आणि उरलेली नजर टिकते. क्वचित उलटतंही, आणि तिच्याकडे आता दुसरा डोळा नाही. नाही केलं तर नजर हळूहळू जाणार, हे नक्की. मला हे समजत होतं आणि तरी मला 'कर' म्हणायची हिंमत होत नव्हती. उलटलं तर आयुष्यभर तिला हाताला धरून फिरवताना मला ते माझं वाक्य ऐकू आलं असतं. भावाला ठाण्याला फोन केला तर तो म्हणाला, "तुम्ही ठरवा, मी येतो." म्हणजे सरांवर ओरडणारी मी, आणि वेळ आली तेव्हा आमच्या घरातही कोणी शिफारस लिहायला तयार नव्हतं.

मी तिच्यामागोमाग वर गेले. सरांनी दार उघडलं, आईला खुर्ची दिली, स्वतः खिडकीपाशी गेले, परत आले. फाइल दोनदा वाचली. मग कपाटातून कोरा कागद काढायला लागले.

"कागूद नको, सायेब," आई म्हणाली. "तोंडानी सांगा. करू का नको?"

"वहिनी, याच्या दोन बाजू आहेत..."

"माजा एकच डोला रायलाय. त्याला कनच्या दोन बाजू?"

सर थांबले. दारापर्यंत गेले, कडीला हात लावला, मला वाटलं हा माणूस आता चालता होणार. उजवं घड्याळ बघितलं, डावं बघितलं. आई तशीच बसून होती, मान थोडी डावीकडे वळवून, कारण तिला आता माणूस उजव्या बाजूने बघावा लागत होता. ते त्यांनीही पाहिलं असणार.

"करा," ते म्हणाले.

"कवा?"

"उद्या. उद्याची वेळ मिळाली नाही तर परवा. त्याच्यापुढे नाही."

आई उठली, पदर सारखा केला. "आता कसा समजला," म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

परवाची वेळ मिळाली. सर बरोबर आले. बोलावलं नव्हतं, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षाजवळ उभेच होते. ऑपरेशन चालू असताना त्यांनी तिथल्या बोळात एवढ्या फेऱ्या मारल्या की सिस्टर म्हणाली, "आजोबा, बसा ना, फरशी झिजेल." ते बसले आणि लगेच उठले. मी त्यांना म्हटलं, उलटलं तरी मी तुम्हाला काही बोलणार नाही. ते म्हणाले, "बोला. बोलायलाच हवं. त्याशिवाय सांगण्याला अर्थ नाही." पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बोटं मोजायला लावली आणि आईने ती बरोबर मोजली. मी बाहेर येऊन सरांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

नंतर थेंब घालायचे होते, दिवसातून बऱ्याच वेळा, अनेक आठवडे. मी दुकानात असायचे, म्हणून ते काम सरांनी घेतलं. वेळ झाली की खाली यायचे, हात साबणाने धुवायचे, आईची पापणी खाली ओढून थेंब टाकायचे. रोज एकच प्रश्न विचारायचे, "दिसतंय ना?" आई म्हणायची, "दिसतंय."

आणि त्याच दिवसांत तिकडून खरंच बोलावणं आलं. तिकडे निवडणूक होऊन जुनी माणसं परत आली होती. माझ्या दुकानाच्या ईमेलवर पत्र आलं, कारण सरांनी सगळीकडे तोच पत्ता देऊन ठेवलेला. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाला त्यांना पुन्हा ज्येष्ठ सल्लागार म्हणून घ्यायचा विचार होता. त्याआधी एका तातडीच्या विषयावर त्यांचं मत हवं होतं, एक पान. विषय पिठाच्या सवलतीचाच. त्या गोळीबारानंतर ती परत सुरू केलेली, आता पुन्हा काढून टाकायची होती.

मी पत्र छापून वर नेलं. सरांनी ते उभ्यानेच वाचलं. नऊ वर्षं ज्यासाठी हा माणूस एका जागी बसला नाही ते त्याच्या हातात होतं. मला आनंद झाला, आणि हा आता जाणार म्हणून वाईटही वाटलं. दोन्ही एकदम झालं.

दुसऱ्या दिवशी ते मजकूर सांगायला आले. इंग्रजीत. तीन पर्याय नव्हते. चार परिच्छेद कारणांचे, आकडे, कोणाच्या ताटातून काय जाईल ते. मग 'शिफारस' हा शब्द आणि त्याच्याखाली, मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे काही टाइप केलं, एवढंच: करू नका.

माझी बोटं थांबली. मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण गिऱ्हाइकाला काय वाचायला आवडेल ते मला कळतं. ज्यांना करायचंच आहे त्यांना हे कोण वाचून दाखवणार?

"सर, जागा जाईल," मी म्हटलं. "निदान 'तूर्त करू नका' असं लिहा. त्यांनाही वाट राहील, तुम्हालाही."

सर माझ्या पाठीशी उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जे त्यांनी कधी केलं नव्हतं.

"त्याचं भाषांतर कोण करणार आहे, ते आपल्याला माहीत नाही," ते म्हणाले. "आहे तसं पाठवा."

मी पाठवलं. त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. सर दर अर्ध्या तासाने दुकानात यायचे, विचारायचे नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघायचे. गिऱ्हाईक असलं तर बाहेर फेऱ्या. रस्त्याच्या पलीकडच्या वडापाववाल्याने मला विचारलं, तुमच्या आजोबांना काय होतंय. थेंबांच्या वेळेला मात्र एक मिनिट चुकले नाहीत.

उत्तर आलं ते चार ओळींचं होतं. आपल्या स्पष्ट मताबद्दल आभार, सल्लागारपदी दुसऱ्यांची नेमणूक करण्यात आली आहे. मी ते वाचून दाखवलं. सर म्हणाले, "ठीक." मग मोबाइलवर तिकडची बातमी शोधायला लावली. सवलत काढली गेली होती. त्यांनी पुढे वाचू दिलं नाही.

थेंबांची वेळ झालेली. आम्ही घरात गेलो. आई खिडकीपाशी बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, की सरांनी करू नका म्हणून कळवलेलं आणि त्यांनी केलं, आणि जागाही दुसऱ्याला दिली. तिने शांतपणे ऐकलं. सर हात धुऊन आले, तिची पापणी खाली ओढली, थेंब टाकला. तिने डोळा मिटून घेतला आणि मिटल्या डोळ्यानेच बोलली.

"त्यांनी तुमचा नाय आयकला. मी आयकला ना?"

सर बाटलीचं झाकण लावत राहिले, ते त्यांना लागेना. दोन मिनिटं झाल्यावर आईने डोळा उघडला, आणि त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, पण आवाज नीट निघाला नाही.

"दिसतंय ना, वहिनी?"

"दिसतंय," आई म्हणाली. "तुमी रडताव ता पन दिसतंय."